कागदावरून थेट प्रोसेसरकडे: झेडएक्स स्पेक्ट्रमवर हाताने असेंब्ली कशी लिहावी

पुढे दिलेले पंधरा आकडे झेडएक्स स्पेक्ट्रमच्या मेमरीत भरले आणि त्यांना हाक मारली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खा पडदा पिवळा होतो. तेच काम बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत केलं तर एकेक चौकोन रंगत जाताना निवांत बघत बसता येतं. हा फरक पहिल्यांदा स्वतःच्या हाताने घडवला, त्या दिवसापासून मी या यंत्राचा झालो.

स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ साली सिंक्लेअर रिसर्चने बाजारात आणला. आत झेड-८०ए प्रोसेसर, त्याच्या घड्याळाचे सेकंदाला ३५ लाख ठोके, १६ के रॉम (फक्त वाचता येणारी, कायमची मेमरी) आणि १६ किंवा ४८ के रॅम (लिहिता-पुसता येणारी मेमरी). इतक्या जुन्या यंत्राला माणसं अजून का धरून आहेत, असं मला विचारलं जातं. बालपणीच्या आठवणी हे उत्तर मला अपुरं वाटतं. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी मंडळी आज त्यावर नवे खेळ लिहितात. माझं उत्तर असं आहे: हे यंत्र एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावतं, आणि ते बदलत नाही. १९८२ मध्ये मोजलेले ठोके आजही तितकेच भरतात. शिकलेलं वाया जात नाही. हे नुसतं वाचून पटणार नाही, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसा.

एक सूचना आधीच. असेंब्लीतल्या, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेतल्या, आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, कीबोर्डवर ती अर्थातच रोमन अक्षरांत येतील. मेमरीत भरायचे आकडे मात्र जसेच्या तसे घ्या. सगळे साध्या दशमान पद्धतीत दिले आहेत, कारण स्पेक्ट्रमचं बेसिक तीच पद्धत सरळ स्वीकारतं.

यंत्र खरं की इम्युलेटर

सुरुवात इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकावर या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर करा. फ्यूज हा मोफत आहे आणि वेळेच्या बाबतीत भरवशाचा आहे. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने घेतला आणि पुढे इम्युलेटरबरोबर रॉम वाटायला परवानगी दिली, त्यामुळे त्यासाठी वेगळी शोधाशोध करावी लागत नाही. ४८ के मॉडेल निवडा.

खरं यंत्र हाताशी असेल तर वीज जोडण्याआधी दोन गोष्टी तपासा. त्याला ९ व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो आणि प्लगचा मधला भाग ऋण असतो. आजचे बहुतेक अ‍ॅडॅप्टर नेमके उलटे असतात, आणि उलटा अ‍ॅडॅप्टर यंत्राचा घात करू शकतो. दुसरं म्हणजे आतल्या ४११६ जातीच्या मेमरी चिप्स. त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, त्यातलं एक बिघडलं की चिप्स मरतात. जुने कपॅसिटर बदलून घेतल्याशिवाय यंत्र तासन्‌तास चालू ठेवू नका.

टायपिंगचीही सवय करावी लागते. ४८ के स्पेक्ट्रमवर बेसिकचे शब्द अक्षरं जुळवून लिहायचे नसतात, एका कळीवर पूर्ण शब्द उमटतो. ओळीच्या सुरुवातीला ओ दाबलं की पोक, टी दाबलं की रँडमाइझ, एक्स दाबलं की क्लिअर. रीड, डेटा आणि यूएसआर यांसाठी कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबून मग अनुक्रमे ए, डी आणि एल. पहिला तासभर चिडचिड होते, मग बोटं आपोआप वळतात.

मेमरीचा नकाशा वहीच्या पहिल्या पानावर

० ते १६३८३ रॉम. १६३८४ पासून ६१४४ बाइट पडद्यावरच्या ठिपक्यांचे. २२५२८ पासून ७६८ बाइट रंगांचे, प्रत्येक अक्षराच्या चौकोनाला एक, म्हणजे ३२ गुणिले २४. २३२९६ पासून प्रिंटरसाठी राखीव २५६ बाइट आणि २३५५२ पासून यंत्राची स्वतःची टिपणं, म्हणजे सिस्टिम व्हेरिएबल्स. त्यापुढे तुमचा बेसिक प्रोग्रॅम.

आपला कोड आपण ३२७६८ वर ठेवणार, आणि त्याला कारण आहे. १६३८४ ते ३२७६७ हा रॅमचा पट्टा प्रोसेसर आणि चित्र काढणारी यूएलए ही चिप, दोघं वाटून घेतात. यूएलए चित्र काढत असताना प्रोसेसर तिथे गेला तर त्याला थांबवलं जातं. ३२७६८ च्या वर ही अडवणूक नाही. तिथले ठोके पुस्तकातल्याप्रमाणेच पडतात.

रंगाचा आकडा असा काढायचा: शाईचा रंग, अधिक ८ गुणिले कागदाचा रंग, चकचकीत हवा असेल तर अधिक ६४, लुकलुकता हवा असेल तर अधिक १२८. पिवळा म्हणजे ६, काळा म्हणजे ०. पिवळ्या कागदावर काळी शाई म्हणजे ४८.

पहिला प्रोग्रॅम: तीन रकाने

पानावर तीन रकाने आखा: पत्ता, बाइट, आज्ञा. आधी फक्त तिसरा रकाना भरा, म्हणजे काय करायचं ते. मग प्रत्येक आज्ञेचा आकडा झेड-८० च्या आज्ञांच्या तक्त्यातून बघून दुसरा भरा आणि शेवटी पत्ते मोजत पहिला. स्टीव्ह वॉझनियॅक यांनी अ‍ॅपलचं पहिलं बेसिक असंच कागदावर लिहून हाताने आकड्यांत उतरवलं होतं, तेही ६५०२ या वेगळ्या प्रोसेसरसाठी. तेव्हा हा रस्ता मळलेला आहे.

३२७६८: ३३, ०, ८८ – एलडी एचएल, २२५२८
३२७७१: १, ०, ३ – एलडी बीसी, ७६८
३२७७४: ५४, ४८ – एलडी (एचएल), ४८
३२७७६: ३५ – इंक एचएल
३२७७७: ११ – डेक बीसी
३२७७८: १२० – एलडी ए, बी
३२७७९: १७७ – ऑर सी
३२७८०: ३२, २४८ – जेआर एनझेड, ३२७७४
३२७८२: २०१ – रेट

एचएल या रजिस्टरांच्या (प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यांच्या) जोडीत रंगांच्या मेमरीचा पहिला पत्ता ठेवला, बीसीमध्ये मोजणी. एचएल दाखवतो त्या जागी ४८ ठेवायचे, एचएल एकाने पुढे, बीसी एकाने मागे. बीसी शून्य झालं का हे पाहायला बी आणि सी यांचा ऑर करावा लागतो, कारण सोळा बिटांची जोडी एकाने कमी केली तर झेड-८० शून्याची खूण उभारत नाही. नवशिक्या इथे हमखास अडखळतो. डेक बीसी नंतर लगेच उडी लिहिली तर प्रोसेसर कुठली तरी जुनी खूण वाचतो आणि प्रोग्रॅम भलतीकडे भरकटतो.

दोन ठिकाणी थांबा. पहिलं ठिकाण ३३, ०, ८८. २२५२८ ला २५६ ने भागलं तर ८८ येतात आणि बाकी शून्य. झेड-८० ला बाकी आधी लागते, भागाकार नंतर. ७६८ म्हणजे ३ गुणिले २५६, म्हणून ०, ३. क्रम उलटा पडून ३, ० झालं तर बीसी होतो नुसता ३ आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातले तीनच चौकोन पिवळे होतात. तीनच चौकोन दिसले तर चूक कुठे आहे ते लगेच ओळखा.

दुसरं ठिकाण २४८. ही उडी पत्ता सांगत नाही, अंतर सांगते, आणि ते मोजायचं उडीच्या पुढच्या आज्ञेपासून. उडी ३२७८० वर आहे, ती दोन बाइटची, म्हणजे पुढची आज्ञा ३२७८२ वर. जायचंय ३२७७४ ला. फरक उणे ८. उणे आकडा बाइटमध्ये बसवायला तो २५६ मधून वजा करायचा: २५६ वजा ८, २४८. मी सुरुवातीला हे अंतर उडीच्या स्वतःच्या पत्त्यापासून मोजायचो आणि दोनाचा घोटाळा व्हायचा. तेव्हापासून उडी लिहिली की पुढच्या ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवून मागे मोजतो. आजही.

आकडे यंत्रात भरणं

१० क्लिअर ३२७६७
२० लेट एस=०
३० फॉर एन=३२७६८ टू ३२७८२
४० रीड ए: पोक एन,ए: लेट एस=एस+ए
५० नेक्स्ट एन
६० इफ एस<>१०५१ देन स्टॉप
७० रँडमाइझ यूएसआर ३२७६८
८० पॉज ०
९० डेटा ३३,०,८८,१,०,३,५४,४८,३५,११,१२०,१७७,३२,२४८,२०१

क्लिअर ३२७६७ मुळे बेसिक स्वतःचा पसारा त्या पत्त्याच्या खाली आवरून ठेवतं. साठाव्या ओळीत सगळ्या बाइटची बेरीज तपासली आहे. छापील मासिकांतल्या लांबलचक याद्या हाताने उतरवण्याच्या काळात ही बेरीज फार उपयोगी पडायची. मात्र दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते, त्यामुळे ०, ३ चं ३, ० झालेलं ती पकडणार नाही. त्यासाठी डोळेच हवेत.

रन करण्याआधी सेव्ह करा. हा नियम मोडू नका. या यंत्रात चुकलेल्या प्रोग्रॅमला अडवणारं कोणी नाही. एकदा माझ्याकडून डेक बीसी ही एकच आज्ञा सुटली. ४८ हा आकडा रंगांची हद्द ओलांडून सिस्टिम व्हेरिएबल्समध्ये घुसला, बेसिकवरून फिरला, आणि दोन तासांचं टायपिंग एका क्षणात गेलं. तयार झालेला कोड सेव्ह करायचा असेल तर सेव्ह, नाव, मग कोड ३२७६८,१५.

ऐंशीव्या ओळीतला पॉज का? तो नसेल तर प्रोग्रॅम संपताच ओकेचा संदेश खालच्या ओळींवर येतो आणि त्या दोन ओळींचा रंग पूर्ववत होतो. माणूस मग ७६८ च्या मोजणीत चूक शोधत बसतो. चूक नसतेच.

रँडमाइझऐवजी प्रिंट यूएसआर ३२७६८ दिलं तर परत येतानाचं बीसीचं मूल्य छापलं जातं. आपल्या प्रोग्रॅममध्ये ते शून्य असायला हवं. चुका शोधायला मदत करणारा डीबगर नसताना आत डोकावायची ही सोपी खिडकी आहे. फक्त आयवाय या रजिस्टरला हात लावू नका, रॉम त्याच्या आधारावर चालते.

ठोके मोजणं

आता खरी मजा. प्रत्येक आज्ञेला किती ठोके लागतात ते ठरलेलं आहे. फेरीतल्या सहा आज्ञांचे ठोके: १०, ६, ६, ४, ४ आणि उडी घेतली तर १२. बेरीज ४२. ७६८ फेऱ्यांचे ३२२५६. शेवटची उडी घेतली जात नाही म्हणून ५ वजा, बाहेरच्या तीन आज्ञांचे ३० अधिक: ३२२८१. एका चित्राला, म्हणजे साधारण एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला, ६९८८८ ठोके मिळतात. अर्ध्याहून थोडे कमी आपण खाल्ले. रंगांची मेमरी त्या वाटून घेतलेल्या पट्ट्यात असल्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्त लागतात.

हे कमी कसं करायचं? झेड-८० कडे एलडीआयआर नावाची आज्ञा आहे. ती एचएलकडचा बाइट डीईकडे नेते, दोघांना पुढे सरकवते, बीसी कमी करते, आणि बीसी शून्य होईपर्यंत हेच करत राहते. युक्ती अशी की पहिल्या चौकोनात ४८ ठेवायचे आणि डीई एक घर पुढे ठेवायचा. मग प्रत्येक घर आपल्या आधीच्या घराची नक्कल करत जातं:

३३, ०, ८८, १७, १, ८८, १, २५५, २, ५४, ४८, २३७, १७६, २०१

मोजणी आता ७६७, कारण पहिलं घर आपण हाताने भरलं. चौदा बाइट, बेरीज १२०१. एका बाइटला २१ ठोके, एकूण १६१५२. एक बाइट वाचला आणि वेळ निम्मा झाला. आकडे भरणाऱ्या बेसिक प्रोग्रॅममध्ये तिसाव्या ओळीतला शेवटचा पत्ता ३२७८१ करा.

वेळ डोळ्यांनी बघायची असेल तर ३२८०० वर हे ठेवा:

३२८००: ११८ – हॉल्ट
३२८०१: ६२, २ – एलडी ए, २
३२८०३: २११, २५४ – आउट (२५४), ए
३२८०५: २०५, ०, १२८ – कॉल ३२७६८
३२८०८: ६२, ७ – एलडी ए, ७
३२८१०: २११, २५४ – आउट (२५४), ए
३२८१२: २४, २४२ – जेआर ३२८००

बेरीज १७८०. हॉल्ट पुढच्या चित्राच्या सुरुवातीपर्यंत थांबतो. मग किनार लाल, काम, किनार पांढरी, पुन्हा पहिल्यापासून. चित्र वरून खाली रेषेरेषेने काढलं जातं आणि एका रेषेला २२४ ठोके लागतात. म्हणून कामाला लागलेला वेळ किनारीवर लाल पट्टा होऊन उभा राहतो. पहिल्या प्रोग्रॅमचा पट्टा चित्राच्या मध्याच्या आसपास संपतो, एलडीआयआरचा चित्राच्या वरच्या काठाखाली थोडासा. एखादी आज्ञा काढली की पट्टा आखडतो, घातली की लांबतो. स्वतःच्या विचाराची लांबी अशी समोर दिसते, तेव्हा एकेका ठोक्यासाठी रात्री जागवणाऱ्या माणसांचा हट्ट समजतो. हा प्रोग्रॅम परत येत नाही, बाहेर पडायला रीसेटच करावा लागतो. म्हणजे पुन्हा तेच: आधी सेव्ह.

पडद्यावर एक अक्षर

रंग सोपे आहेत, ठिपके नाहीत. चौकोनातल्या एका रेषेखालची रेषा मेमरीत ३२ घरं पुढे असेल असं वाटतं, पण ती २५६ घरं पुढे असते. पहिल्या दर्शनी ही मांडणी विचित्र वाटते. मात्र एचएलच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे एचमध्ये, एक मिळवला की नेमके २५६ वाढतात, आणि ती आज्ञा फक्त ४ ठोक्यांची आहे. हार्डवेअर रचणाऱ्यांची सोय अक्षरं छापणाऱ्यांच्याही पथ्यावर पडली.

आठ बाय आठच्या चौकोनात मी ग काढला. वहीत चौसष्ट घरं आखा, शिरोरेषेसाठी वरची ओळ पूर्ण भरा: २५५. मग डावी रेघ आणि उजवा दंड: १६ अधिक २, म्हणजे १८, तीनदा. डावी रेघ खाली वळते तिथे ११४ आणि ९८. खाली फक्त दंड: २, २.

३२८२०: १७, ६७, १२८ – एलडी डीई, ३२८३५
३२८२३: ३३, १११, ७२ – एलडी एचएल, १८५४३
३२८२६: ६, ८ – एलडी बी, ८
३२८२८: २६ – एलडी ए, (डीई)
३२८२९: ११९ – एलडी (एचएल), ए
३२८३०: १९ – इंक डीई
३२८३१: ३६ – इंक एच
३२८३२: १६, २५० – डीजेएनझेड ३२८२८
३२८३४: २०१ – रेट
३२८३५: २५५, १८, १८, १८, ११४, ९८, २, २

तेवीस बाइट, बेरीज १६३४. डीजेएनझेड बीमधून एक वजा करते आणि शून्य नसेल तर उडी मारते, एकाच आज्ञेत दोन्ही. ३६ च्या जागी चुकून ३५ पडला तर अक्षराचे आठ तुकडे एकाच रेषेत आडवे पसरतात. एकदा मुद्दाम करून बघा, पडद्याची मांडणी कायमची लक्षात राहील.

असेंबलर केव्हा घ्यावा

दोनशे बाइटच्या पुढे हाताने पत्ते मोजणं थांबवा. मधे एक आज्ञा घातली की खालचे सगळे पत्ते सरकतात आणि तिथे शिकण्यासारखं काही उरत नाही. पास्मो किंवा एसजेॲझमप्लस यांसारखा असेंबलर, म्हणजे आज्ञांच्या नावांचे आकडे करून देणारा प्रोग्रॅम, घ्या. लेबल लिहा, उड्यांचं गणित त्यांच्यावर सोपवा. पण ठोके स्वतः मोजत राहा. सिंक्लेअरच्याच झेडएक्स ८१ वर, १ के रॅममध्ये, बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम ६७२ बाइटमध्ये बसवला गेला होता. एकेका बाइटचा हिशेब लेखकाच्या हातात असल्याशिवाय असं काही उभं राहत नाही. प्रोग्रॅम लिहून चित्र आणि संगीत उभं करणाऱ्या अशाच मंडळींच्या विश्वाला, म्हणजे डेमोसीनला, फिनलंडने २०२० मध्ये आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. झायलॉगने मात्र २०२४ मध्ये सुटा झेड-८० बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. जवळ चालतं यंत्र असेल तर एखाददुसरी जादा चिप जपून ठेवा.

असेंबलर आला की हे करून बघा. प्रोसेसरला मधेच दुसऱ्या कामाकडे नेणारा व्यत्यय (इंटरप्ट) बंद करणारी डीआय, म्हणजे २४३, लिहा. एसपी, म्हणजे पुशने कुठे लिहायचं तो पत्ता धरणारं रजिस्टर, एखाद्या मोकळ्या जागी जपून ठेवा आणि त्यात रंगांच्या शेवटानंतरचा पत्ता, २३२९६, भरा. एचएलमध्ये १२३३६, म्हणजे दोन्ही अर्ध्यांत ४८. मग पुश एचएल, आकडा २२९, लागोपाठ ३८४ वेळा. शेवटी एसपी परत, ईआय, रेट. पुश वरून खाली भरत जातो, एका वेळी दोन बाइट, ११ ठोक्यांत. सगळ्या पुशचे मिळून ४२२४. व्यत्यय बंद करायचा कारण तो मधेच आला तर परतीचा पत्ता थेट पडद्याच्या मेमरीत लिहिला जातो.

हा कोड ३२७६८ वर ठेवला तर ३२८०० वरच्या प्रोग्रॅमवरच चढेल, म्हणून तो ३३००० वर ठेवा, ३२८०५ वरचा कॉल तिकडे वळवा (२०५, २३२, १२८) आणि ३२८०० वरचा प्रोग्रॅम पुन्हा चालवा. पट्टा जेमतेम एकोणीस रेषांचा उरतो. चित्राच्या फार वरच तो संपत असल्यामुळे इम्युलेटरने वरची किनार कापलेली असेल तर तो दिसणारही नाही. तसं झालं तर हॉल्टनंतर थोडा वेळ काढणारी डीजेएनझेडची एक फेरी घाला, म्हणजे पट्टा खाली सरकून नजरेत येईल. तिच्यासाठीचा आकडा तुमचा तुम्हीच मोजा.